वजिराविना जिंकलेला डाव

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे कादंबरी येते, नाटक येते, फार तर एखादा कवितासंग्रह येतो. मी या खेपेस एका बुद्धिबळाच्या डावावर लिहिणार आहे. हे वाचून कोणी भुवया उंचावल्या तर त्यांना मी दोष देणार नाही. पण थोडा विचार केला तर पटेल की, टीकाकाराला हवे असते ते सारे डावात असते. त्याला आरंभ असतो, मध्य असतो, अंत असतो. त्यात पात्रे असतात आणि त्या पात्रांच्या हातून घडणाऱ्या चुकाही असतात. शिवाय त्याची संहिता निर्दोष असते. कादंबरीच्या आवृत्त्या बदलतात, नाटकात नट पदरची वाक्ये घालतात. पण टिपून ठेवलेला डाव नव्वद वर्षांनीही जसाच्या तसा आपल्यापुढे मांडता येतो. एकच विशेष असा की, या संहितेचे लेखक दोन असतात आणि एकाने लिहिलेले वाक्य मोडून काढण्यासाठीच दुसरा आपले वाक्य लिहीत असतो.

ज्यांना खेळ येत नाही त्यांनीही पान उलटू नये. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती आणि प्यादे ही नावे माहीत असली, वजीर सर्वांत बलवान आणि प्यादे सर्वांत दुबळे एवढे ठाऊक असले की या लेखापुरते पुरे.

मी निवडलेला डाव इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी १९३०-३१ च्या नाताळच्या स्पर्धेत खेळला गेला. काळ्या मोहऱ्यांमागे बसला होता क्यूबाचा होजे राउल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ या काळात तो जगज्जेता होता, आणि १९१६ पासून १९२४ पर्यंत सलग आठ वर्षे स्पर्धेच्या डावात त्याला कोणीही हरवू शकले नव्हते. पांढऱ्या मोहऱ्यांमागे बसला होता मीर सुलतानखान, पंजाबातल्या मिठा टिवाणा या गावचा, विशी ओलांडलेला तरुण. ते गाव आज पाकिस्तानात आहे. डाव ६५ खेळ्या चालला आणि कापाब्लांकाने हार मान्य केली.

आता या डावाची कथा कशी सांगितली जाते ते पाहा. पंजाबचे बडे जमीनदार सर उमर हयातखान टिवाणा यांच्या पदरी एक नोकर होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुस्तक त्याने कधी उघडले नव्हते. धनी विलायतेस निघाले तेव्हा त्यांनी त्याला बरोबर नेले आणि या अडाणी माणसाने जगज्जेत्याला लोळवले! ऐकणाऱ्याला ही कथा गोड वाटते. आपला माणूस आणि साहेबाच्या देशातला विजय म्हणून छातीही फुगते. १९३३ साली अमेरिकेच्या संघाला उमर हयातखानांनी घरी बोलावले तेव्हा सुलतानखानच जेवण वाढीत होता, अशी आठवण रूबेन फाइन या अमेरिकी खेळाडूने लिहून ठेवली आहे. तिने या कथेला आणखी रंग चढला. २०२० साली डॅनियल किंग या इंग्रज ग्रँडमास्टरने सुलतानखानाचे चरित्र लिहिले, त्याच्या नावातही ‘नोकर’ हा शब्द आहेच. त्यानंतर सुलतानखानाच्या घरच्या मंडळींनी पुढे येऊन ‘नोकर’ आणि ‘निरक्षर’ ही दोन्ही विशेषणे जाहीरपणे नाकारली.

या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. ही कथा खरी असो वा खोटी, ती डाव वाचू देत नाही. ‘अडाणी माणसाने जगज्जेत्याला हरवले’ असे म्हटले की ऐकणारा ‘काय चमत्कार!’ म्हणतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. त्या माणसाने काय विचार केला, कोणती खेळी का केली, कुठे धीर धरला, हे कोणी विचारीत नाही; कारण चमत्काराला कारणे लागत नाहीत. वरवर ही कथा सुलतानखानाचा गौरव करते. प्रत्यक्षात त्याने पटावर केलेली मेहनत ती त्याच्या हातून काढून घेते आणि दैवाच्या नावावर जमा करते. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही चोरी चटकन ओळखू येते. म्हणून प्रत्यक्ष डावाकडे जाऊ.

डावाची जात ‘वजिराच्या प्याद्याची सुरुवात’ या कुळातली. पांढऱ्याने पहिल्या खेळीत घोडा काढला, पण दुसऱ्याच खेळीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि डाव त्या वळणावर आला. राजापुढचे प्यादे आधी टाकले की पट लवकर उघडा होतो, मोहरी मोकळी सुटतात, चकमकी उडतात. वजिराचे प्यादे टाकले की त्याच्या पाठीशी वजिराचा जोर आधीपासूनच असतो. मध्यभाग बंदिस्त राहतो आणि लढाई सावकाश पेटते. पहिल्या सुरुवातीला मी संगीत नाटकाची नांदी म्हणेन, दुसरीला कादंबरीचे पहिले प्रकरण. कादंबरीकार असल्यामुळे माझा ओढा कुठे आहे हे सांगायला नकोच.

सुलतानखान लहानपणी घरी वडिलांकडून शिकला तो देशी पद्धतीचा खेळ. त्या खेळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. विलायती किल्लेकोट नसे. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा सरसकट वजीर होत नसे. ज्या पट्टीत ते पोचले त्या पट्टीचे मोहरे मिळे. आपल्याकडेही जुन्या पिढीतले लोक थोड्याफार फरकाने हाच खेळ खेळत. विलायती नियम सुलतानखान वयात आल्यावर शिकला आणि १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धेत एकही डाव न हरता पहिला आला. म्हणजे इंग्लंडला पोचला तेव्हा तो कोरा नव्हता. त्याच्याजवळ एका पूर्ण, जुन्या खेळाची विद्या होती. तिची छापील पुस्तके त्यांच्या कपाटात नव्हती, म्हणून त्यांनी त्याला विद्याहीन म्हटले.

याचा पुरावा पाचव्याच खेळीत मिळतो. पांढऱ्याने वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे एक घर सरकवले. पाहणाऱ्याला वाटावे, हा वेळ घालवतो आहे. पण त्या एका घराने काळ्या उंटाची पांढऱ्या घोड्यावर येऊन बसण्याची, त्याला अरदबीत घेण्याची वाट कायमची बंद झाली. पुढे तिग्रान पेट्रोशियान, जो १९६३ पासून १९६९ पर्यंत जगज्जेता होता, त्याने या खेळीला प्रतिष्ठा दिली. गॅरी कास्पारोवने ती आणखी गाजवली. आज ती पेट्रोशियानच्या नावाने ओळखली जाते. पेट्रोशियानने केली की सखोल आणि सुलतानखानाने केली की अजाण, असा न्याय साहित्यात चालत नाही. पटावरही चालू नये.

दहाव्या खेळीपासून बाराव्या खेळीपर्यंत पांढऱ्याने आपला मनसुबा उघड केला. काळ्या घोड्याने मध्यभागी ठाण मांडून उंटांची अदलाबदल मागितली, तेव्हा पांढऱ्याने आपला उंट एक घर मागे घेऊन ती टाळली. मग बाराव्या खेळीत घोडा काळ्याच्या मुलखात घुसवला आणि एका काळ्या उंटाला आपल्या घोड्याशी मरण पत्करायला लावले. आता पांढऱ्याकडे दोन उंट उरले आणि काळ्याकडे एक. त्या एकाची अवस्था काय, हे सांगितल्याशिवाय डावाचे मर्म कळणार नाही.

कापाब्लांकाचा तो उंट तिसऱ्या खेळीत वजिराच्या बाजूला घोड्यापुढच्या घरात जाऊन बसला होता. त्याच्यापुढे त्याच्याच पक्षाची दोन प्यादी आडवी आली. तो त्या घरातून हलला तो ५२व्या खेळीस! काळा घोडा विसाव्या खेळीला पांढऱ्या प्याद्याच्या धाकाने मागच्या ओळीत परतला, तो बाहेर पडला ६३व्या खेळीला, शेवटाच्या दोन खेळ्या आधी. एका बाजूची दोन मोहरी चाळीसेक खेळ्या जागच्या जागी बसून राहिली. कादंबरीत एखादे पात्र तिसऱ्या प्रकरणात खोलीत जावे आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत बाहेरच येऊ नये, तसा हा प्रकार. इतकी कोंडी दैवयोगाने होत नसते. ती विटेवर वीट ठेवून बांधावी लागते.

आता डावाचा कळस. विसाव्या खेळीपर्यंत कापाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती एकाच उघड्या पट्टीवर, एकामागे एक आणून ठेवले होते. २१व्या खेळीत पांढऱ्याने उंट बाहेर काढून मागच्या हत्तीवर रोखला. कापाब्लांकाने हत्तीने शह दिला. राजाने पुढे पाऊल टाकले. दुसऱ्या हत्तीने पुन्हा शह. मग काटाकाट झाली आणि धूर खाली बसला तेव्हा पांढऱ्याचा वजीर गेला होता आणि त्याच्या बदल्यात काळ्याचे दोन्ही हत्ती गेले होते.

हिशेबाने पाहिले तर सौदा जवळजवळ बरोबरीचा. वजिराचे मोल नऊ धरतात, दोन हत्तींचे मिळून दहा. पण पटावर एकटा वजीर हाती असलेला खेळाडू स्वतःला श्रीमंत समजतो. वजीर आठही दिशांना धावतो. त्याच्यापुढे हत्ती म्हणजे बैलगाड्याच. कापाब्लांकाच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक. मला तरी असे दिसते की, मोकळा वजीर अननुभवी प्रतिस्पर्ध्याच्या उघड्या राजाला सुखाने बसू देणार नाही, असा त्याचा अदमास असावा. आणि पांढऱ्या राजाने किल्लेकोट केलेलाच नव्हता. तो भर मैदानात उभा होता.

पण वजिराला धावायला वाटा लागतात, आणि मारायला बिनजोर मोहरी लागतात. सुलतानखानाच्या गोटात दोन्ही नव्हते. मधली प्यादी एकमेकांत अडकून घट्ट बसली होती. पांढऱ्याचे प्रत्येक प्यादे कोणाच्या तरी जोरावर उभे होते. हत्ती हत्तीला राखीत होता, उंट प्याद्यांना राखीत होता. काळा वजीर येई, एका प्याद्याकडे पाही, तिथे जोर आहे असे दिसले की दुसरीकडे वळे.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी दुसरी उपमा शोधावी लागत नाही. मुरुडजवळचा जंजिरा आम्ही शाळेच्या सहलीत दर वर्षी पाहतो. शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किनाऱ्यापासून समुद्रात भराव घालीत जाण्याचा अचाट बेत आरंभला. त्या दोघांच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती नाही. तरी जंजिरा उभा राहिला. बलवानाचे बळ कुठे लावायचे, ही जागाच ज्याने शिल्लक ठेवली नाही, त्याच्यापुढे बळाचे काही चालत नाही. कापाब्लांकाच्या वजिराचे नेमके हेच झाले.

यानंतरच्या तीसएक खेळ्या वाचताना सामान्य वाचक कंटाळतो हे मी मान्य करतो. ३५व्या खेळीपासून ४१व्या खेळीपर्यंत काळा वजीर शेजारशेजारच्या दोन घरांत येरझाऱ्या घालतो आहे: पुढे, मागे, पुढे, मागे. पुढे ४७व्या खेळीपासून ५१व्या खेळीपर्यंत पुन्हा तोच प्रकार, दुसऱ्या दोन घरांत. पांढरा काय करतो? त्याचा राजा कोपऱ्याकडे फिरायला जातो आणि परत येतो. एक हत्ती ३२व्या खेळीत दूरच्या पट्टीवर जातो आणि ३३व्या खेळीत मुकाट्याने होता तिथे येतो. टीकाकाराने येथे गप्प बसू नये. ही रचना सैल आहे. कापाब्लांका स्वतः पांढऱ्या बाजूला असता तर हे काम त्याने कमी खेळ्यांत उरकले असते, असे मला वाटते. त्याच्या उत्तम डावांतली काटकसर, एक शब्द अधिक नाही आणि एक उणा नाही अशी ती घडण, सुलतानखानाजवळ नव्हती.

पण या सैलपणाच्या पोटात एक गोष्ट चालली आहे, ती सुटता कामा नये. राजा फिरतो आहे असे वाटत असताना वजिराच्या बाजूची दोन पांढरी प्यादी एकेक घर पुढे सरकत आहेत. तिसाव्या खेळीत एक, चाळिसाव्यात दुसरे, ४५व्यात पुन्हा पहिले. एवढे झाल्यावर काळ्याचे त्या बाजूचे एक प्यादे जागीच खिळून बसले: त्याला पुढे सरकता येईना, आणि त्याला राखायला दुसरे प्यादेही उरले नाही. ५३व्या खेळीत पांढरा हत्ती उघड्या पट्टीवरून आत शिरला तो थेट त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. समुद्राचे पाणी चढताना पाहणाऱ्याला कळत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत पायी गेलेला माणूस परत फिरतो तेव्हा वाट बुडालेली असते. काळ्याची वाट अशीच बुडत होती आणि त्याचा वजीर त्या वेळी राजाच्या बाजूला चकरा मारीत होता.

अखेरच्या दहा खेळ्यांत तर मला कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचल्याचा आनंद मिळतो. ५२व्या खेळीत काळा उंट अखेर त्या घरातून निघाला आणि दोन खेळ्यांनी पांढऱ्या उंटासमोर अदलाबदल मागायला उभा राहिला. पांढऱ्याने ती नाकारली. ५५व्या खेळीत त्याने आपला उंट मागे घेतला तो थेट त्याच्या जन्माच्या घरी, जिथून डावाच्या आरंभी तो निघाला होता तिथे! एवढ्या उशिरा, एवढ्या चुरशीत मोहरे मूळ घरी परत नेण्याचे धैर्य फार थोड्यांना असते. इतर खेळाडूंना ती माघार वाटते. सुलतानखानाला ती जागा हवी होती, कारण तिथून एक तिरकी पट्टी थेट पलीकडच्या बाजूपर्यंत जात होती. आज तिच्यावर त्याचेच प्यादे उभे होते, उद्या ते पुढे जायचे होते.

५९व्या खेळीत त्याने एक प्यादे काळ्या वजिराला खाऊ दिले. वजीर खायला गेला आणि पांढऱ्या हत्तीने ६१व्या खेळीत ते खिळलेले प्यादे उचलले. मग हत्ती सातव्या ओळीत उतरून शह देतो, प्यादे एक घर पुढे जाते, ६४व्या खेळीत तो मूळ घरी परतलेला उंट त्या तिरक्या पट्टीवरून झेपावतो, ६५व्यात हत्ती शेवटच्या ओळीत जातो आणि प्याद्याला वजीर होण्याची वाट मोकळी होते. कापाब्लांकाने तिथेच डाव सोडला. ज्याने वजीर गमावला त्याच्याच घरी नवा वजीर येऊ घातला होता, आणि ज्याने वजीर कमावला त्याला तो कुठे लावावा हे अखेरपर्यंत उमगले नाही.

हा चमत्कार नव्हे. चमत्कार एका क्षणात होतो. हे काम साठ खेळ्या चालले होते. यात एकही दिपवून टाकणारे बलिदान नाही, टाळी घेणारी खेळी नाही. आहे तो बंदिस्त पटावर कोणत्या मोहऱ्याला किती मोल उरते याचा अचूक हिशेब, आणि तो हिशेब खरा ठरेपर्यंत वाट पाहण्याची तयारी. प्यादे एकेकच घर चालणाऱ्या खेळात वाढलेल्या माणसाला घाईची सवय नसावी, हे समजण्यासारखे आहे. त्याच्या देशी शिक्षणाचे उणेपण पुस्तकी सुरुवातींत दिसत असेल. त्याचे देणे या मधल्या आणि अखेरच्या भागात दिसते. दोन्हींची नोंद एकाच वहीत व्हायला हवी.

आणि हा एकच डाव त्याच्या नावावर नाही. हेस्टिंग्जच्या त्या स्पर्धेत मॅक्स यूवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतानखान तिसरा आला. १९३१ च्या आरंभी त्याने सावेली टार्टाकोवरला बारा डावांच्या सामन्यात हरवले. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून त्याने फ्लोर आणि रुबिन्स्टाइन यांना धूळ चारली. ब्रिटिश विजेतेपद त्याने तीनदा मिळवले: १९२९, १९३२ आणि १९३३. तिथली थंडी त्याला मानवली नाही. सर्दीखोकला आणि हिवताप त्याच्या पाठीस लागलेले असत. चमत्कार एकदा घडतो असे धरले तरी चार वर्षे कसा घडत राहील?

१९३३ च्या अखेरीस धन्याबरोबर तो परत आला. इथे मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे एक पान आहे. १९३५ साली त्याचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी सामना झाला. दहा डावांपैकी एक बरोबरीत सुटला आणि बाकीचे सुलतानखानाने जिंकले. खाडिलकरांच्या वाट्याला आलेली ती एक बरोबरीही मला लहान वाटत नाही. त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या जगातून सुलतानखान नाहीसा झाला. आपल्या मुलखात शेतीवाडी पाहत राहिला आणि १९६६ साली वारला.

या शेवटच्या तारखेकडे लक्ष द्यावे. १९५० साली जागतिक संघटनेने प्रथमच अधिकृतपणे ग्रँडमास्टर हा किताब सत्तावीस खेळाडूंना दिला. त्या यादीत टार्टाकोवर होता, रुबिन्स्टाइन होता, फ्लोर होता. या तिघांवर विजय मिळवलेला माणूस तेव्हा हयात होता आणि पुढेही सोळा वर्षे हयात राहिला; त्याला कोणी विचारले नाही. तो किताब, मानद म्हणून, २०२४ साली जाहीर झाला, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. मला वाटते, या उशिरात त्या दंतकथेचाही वाटा आहे. विद्वानाला पदवी द्यायचे लोकांना सुचते. अद्‌भुत प्राण्याला फक्त पाहायला गर्दी करतात.

आज काळ पालटला आहे. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, ते भारतातले तिसरे. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख, वय वर्षे एकोणीस, जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली. अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनेरू हंपीसारखी मुरलेली खेळाडू होती. आमच्या शाळेतल्या मुली त्या दिवशी पट मागायला आल्या. पण वर्तमानपत्रांतली भाषा मी वाचली तेव्हा जुनी खोड पुरती गेली आहे असे वाटले नाही. ‘चमत्कार’, ‘किमया’, ‘जादू’ हे शब्द अजून आपल्या लेखणीला सहज सापडतात. पाचव्या वर्षापासून पटावर बसलेल्या मुलीच्या चौदा वर्षांना आपण एका शब्दात जादू म्हणून मोकळे होतो.

किनाऱ्यावरच्या गावातल्या शाळामास्तराला याचे सोयरसुतक का असावे, असे कोणी विचारील. ते असण्याचे कारण असे की, कोळीवाड्यातले किंवा आगरी पाड्यातले पोर गणितात पहिले आले की आम्ही मास्तर मंडळीही म्हणतो, ‘देवाची देणगी आहे हो!’ पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, तेव्हा घरच्या पडवीत बसून त्या पोराने किती वह्या भरल्या हे आम्ही पाहिलेले नसते. देणगी म्हटले की पाहण्याची गरज उरत नाही. उलट, शहरातल्या डॉक्टराचा मुलगा पहिला आला की त्याची मेहनत, त्याचे वेळापत्रक, त्याची शिकवणी यांची चौकशी होते. सुलतानखान आणि कापाब्लांका यांच्या वाट्याला आलेला न्याय हा असा आपल्या वर्गापर्यंत पोचलेला आहे.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. फराळाची ताटे उचलल्यावर घरात पट असेल तर तो काढावा. हा डाव कोणत्याही संग्रहात सहज सापडतो. आता मुले तो आपल्या मोबाईलवरही शोधून देतील. एकाने पांढरी बाजू घ्यावी, एकाने काळी, आणि खेळ्या वाचीत जाव्या. २१व्या खेळीपाशी थांबावे. हत्तींच्या शहाची ती परंपरा सुरू होण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारावे, ‘वजीर देऊन दोन हत्ती घ्यायचे का?’ लहान मुले बहुधा ‘नाही’ म्हणतील, आजोबा जरा विचार करतील. कोणी काय उत्तर दिले ते लक्षात ठेवावे आणि मग पुढच्या चाळीस खेळ्या, कंटाळा आला तरी, एकही न गाळता मांडाव्या. तो काळा उंट ५२व्या खेळीपर्यंत आपल्या घरात कसा बसून राहतो, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर सुलतानखान कोण होता हे त्यांना खुशाल सांगावे. आणि सांगताना आधी त्याचा खेळ सांगावा, मग त्याचा धनी.